प्रसिद्धीपूर्वीची कादंबरी : सोसेकीची ‘गुबिजिन्सो’

वाङ्मयकृतीचा इतिहास लिहिताना आपण साधारणतः तिच्या प्रकाशनाच्या दिवसापासून आरंभ करतो. त्यापूर्वी वाचकांच्या मनात जे कुतूहल साचलेले असते, ते पुस्तकविक्रेत्याच्या हिशेबवहीकडे सोपवून टीकाकार मोकळा होतो. जपानी कादंबरीच्या बाबतीत ही सोय फारशी उपयोगी पडत नाही. तेथे एका प्रसिद्ध कादंबरीची प्रतीक्षा कादंबरीच्या आधी जन्मली आणि पुढे ती कादंबरीच्या अंतरंगातही शिरली.

अलीकडचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. हारुकी मुराकामी यांच्या ‘१क्यू८४’ या कादंबरीचे पहिले दोन खंड २९ मे २००९ रोजी तोक्योत विक्रीस आले. जपानी भाषेत नऊ या अंकाचा उच्चार ‘क्यू’ असाही होतो, एवढी शीर्षकातील कोटी तेवढी वाचकांना आधी कळली होती. कथानकाविषयी प्रकाशकाने एक अक्षरही बाहेर पडू दिले नव्हते. या मौनाचाच परिणाम असा झाला की, विक्रीला आरंभ होण्यापूर्वीच प्रतींची संख्या वाढवावी लागली आणि थोड्याच आठवड्यांत दोन्ही खंड मिळून ती दहा लाखांवर गेली. येथे ग्रंथ पूर्ण झालेला होता, तो केवळ झाकून ठेवलेला होता. पडदा बाजूला सारला गेला आणि प्रतीक्षा संपली. ग्रंथाच्या एकाही वाक्याला तिचा स्पर्श झालेला नव्हता.

शंभर वर्षांपूर्वीची हकिकत याच्या नेमकी उलट आहे.

नात्सुमे सोसेकी (१८६७–१९१६) हा १९०७ साली तोक्योच्या शाही विद्यापीठात इंग्रजी वाङ्मयाचा व्याख्याता होता. लाफ्काडिओ हर्न याच्यानंतर ते काम त्याच्याकडे आले होते. मांजराच्या तोंडून मनुष्यस्वभावाची थट्टा करणारी कादंबरी, ‘बोच्चान’ आणि ‘कुसामाकुरा’ यांमुळे त्याचे नाव घरोघर झाले होते. अशा मनुष्याने विद्यापीठ सोडून मासिक दोनशे येनांवर ‘आसाही’ वृत्तपत्राची नोकरी धरावी आणि यापुढील आपले ललित लेखन त्याच पत्राला देण्याचे कबूल करावे, हे तत्कालीन सुशिक्षितांना धक्का देणारे होते. विद्यापीठातील आसन म्हणजे प्रतिष्ठेची परिसीमा, अशी तेव्हाची समजूत होती. सोसेकीने ३ मे १९०७ रोजी त्याच पत्रात निवेदन लिहिले आणि वृत्तपत्र हा धंदा असेल तर विद्यापीठही धंदाच आहे, असे बजावले. (आपल्याकडील प्राध्यापक-लेखकांनी हे निवेदन मुळातून वाचण्याजोगे आहे.) निवेदनामुळे कुतूहल शमले नाही, उलट वाढले. इतके सोडून आलेला हा लेखक आता लिहिणार तरी काय, असे जो तो विचारू लागला.

नव्या कादंबरीची आगाऊ जाहिरात २८ मे रोजी आली. ती स्वतः सोसेकीनेच लिहिली होती, आणि तिच्यातील प्रांजळपणा आजही चकित करतो. आदल्या रात्री शिष्य तोयोताका कोमिया याच्यासमवेत फिरताना त्याने फुलझाडांच्या दोन कुंड्या विकत घेतल्या. फुलाचे नाव विचारता माळ्याने ‘गुबिजिन्सो’ असे सांगितले. शीर्षक सुचत नव्हते, जाहिरातीला उशीर होत होता, म्हणून त्याने फुलाचेच नाव उसने घेतले. ‘गुबिजिन्सो’ म्हणजे खसखशीच्या कुळातील तांबडे रानफूल. चीनमधील वीर श्यांग यू याच्या यू नामक प्रियतमेच्या थडग्यावर ते उगवले अशी आख्यायिका आहे, आणि त्या फुलाचे जपानी नावही तिच्यावरूनच पडले आहे. म्हणजे जाहिरात निघाली त्या दिवशी कादंबरीपाशी केवळ नाव होते, आणि तेही योगायोगाने लाभलेले. लेखनाला हात लागला तो जूनच्या आरंभी.

लोक मात्र थांबले नाहीत. मित्सुकोशी या कापडपेढीने ‘गुबिजिन्सो’ नावाचा युकाता, म्हणजे उन्हाळ्यात नेसावयाचा सुती किमोनो, विक्रीस काढला. एका जवाहिऱ्याने त्याच नावाची अंगठी काढली. स्थानकावरील वृत्तपत्रविक्रेते बातम्या सोडून सोसेकीच्या कादंबरीच्या नावाने आरोळ्या देत. सोसेकीलाही या अपेक्षेचे ओझे जाणवत असावे. त्याच जूनमध्ये पंतप्रधान सायोंजी किनमोची यांनी नामांकित लेखकांना मेजवानीस बोलावले असता, हाती असलेल्या लेखनाचे कारण सांगून व सोबत एक हायकू धाडून त्याने नकार कळविला. लेखनाची सिद्धता म्हणून त्याने ‘वेन श्वान’ हा प्राचीन चिनी वेचेसंग्रह पुन्हा वाचून काढला. ‘बोच्चान’ ज्या सहज बोलीत उतरली होती ती बाजूला ठेवून, वृत्तपत्राच्या पहिल्या कादंबरीसाठी त्याने असा जरतारी पोशाख शिवावयास घेतला!

कादंबरी २३ जून ते २९ ऑक्टोबर १९०७ या काळात १२७ हप्त्यांत छापून आली. त्या वर्षी तोक्योत भरलेले औद्योगिक प्रदर्शन आणि त्यातील विजेची रोषणाई तिच्यात आली आहे. दिवसा प्रदर्शन पाहून आलेल्या वाचकाला तेच प्रदर्शन वृत्तपत्रात पात्रांच्या डोळ्यांनी पुन्हा दिसावे, ही किमया हप्त्याहप्त्याच्या कादंबरीलाच साधते. कथेच्या केंद्रस्थानी फुजिओ ही सुशिक्षित, मानी, आपला वर आपण निवडू पाहणारी तरुणी आहे. तिला हवा असलेला विद्वान ओनो हा आपल्या वृद्ध उपकारकर्त्याच्या कन्येला बांधलेला आहे.

वाचकांना फुजिओ आवडू लागली. खुद्द कोमियालाही ती आवडली. तेव्हा जुलैमध्ये सोसेकीने त्याला पत्रातून दटावले की, तिच्याविषयी अशी सहानुभूती बाळगू नये, तिच्यात नीतिबुद्धी नाही, तिला अखेरीस मारणे हाच ग्रंथाचा हेतू आहे. म्हणजे नाव ठरले होते आणि शेवटही ठरला होता. वाचक ज्या व्यक्तीसाठी उद्याच्या अंकाची वाट पाहत होते तिचीच शिक्षा लेखकाने मनाशी मुक्रर केली होती. अखेरीस ओनो कर्तव्याकडे वळतो, फुजिओ अपमानाच्या आघाताने कोसळते, आणि तिच्या शवाभोवती रुपेरी पडदा उलटा उभा करतात. त्या पडद्यावर चितारलेली फुले गुबिजिन्सोची आहेत. चित्राखाली होइत्सू या थोर चित्रकाराची सही आहे.

हा प्रसंग मी प्रथम वाचला तेव्हा त्यातील प्रतिमेच्या अटळपणाने भारावून गेलो होतो. जाहिरातीचा वृत्तांत कळल्यावर मात्र त्या पडद्याकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. माळ्याकडून उसने घेतलेले नाव लाखो डोळ्यांसमोर मिरवले होते. युकात्यावर आणि अंगठीवर चढले होते. ते आता निरर्थक ठेवणे शक्य नव्हते. लोकांना दिलेल्या शब्दाची फेड करण्यासाठी लेखकाने फुजिओच्या मरणशय्येपाशी ती फुले आणून ठेवली, असे माझे मत आहे. फेड सुंदर झाली, यात वाद नाही. पण फुजिओचा बळी पडला तो केवळ नीतीसाठी नव्हे. पुढे हाकुचो मासामुने या टीकाकाराने या कादंबरीत बाकिनचा जुना बोधवाद नव्या वेशात पाहिला. त्याचा कठोरपणा मला सर्वस्वी मान्य नसला, तरी शेवटच्या प्रकरणांतील उपदेशाचा सूर त्याने अचूक ओळखला होता.

१९०८ च्या जानेवारीत कादंबरी ग्रंथरूपाने निघाली व खपत राहिली. यानंतर सोसेकीने ‘सान्शिरो’, ‘सोरेकारा’, ‘कोकोरो’ या कादंबऱ्या त्याच वृत्तपत्रासाठी लिहिल्या. त्यांत तो जरतारी पोशाख नाही, आणि पात्रांना आधी सुनावलेली शिक्षाही नाही.

१९१३ साली ‘गुबिजिन्सो’चा जर्मन अनुवाद करण्याची एकाने परवानगी मागितली. अनुवादकाच्या धंद्यात केस पिकलेल्या माझ्यासारख्याला अशा विनंत्या करताना लेखकाच्या होकाराची किती आस लागते, ते ठाऊक आहे. सोसेकीने ती नाकारली. ही कृती आपल्याला आवडत नाही, ती चांगली उतरलेली नाही, असे त्याने कळविले.