स्वल्पविरामाचे मोल

इंग्रजी निबंधाच्या वह्या तपासताना एक चूक हटकून आढळते. वाक्याचा कर्ता जरा लांबला, की मुलाला जणू धाप लागते आणि क्रियापदाच्या तोंडाशी तो एक स्वल्पविराम ठेवून देतो. लाल शाईने तो खोडला, की विचारतो, "गुरुजी, एवढ्याशा खुणेने काय बिघडले?"

अशा वेळी मी सर रॉजर केसमेंटची हकीकत सांगतो. कांगोतील रबर-मजुरांचा छळ उजेडात आणणारा हा आयरिश गृहस्थ पहिल्या महायुद्धात जर्मनीत गेला आणि तेथील आयरिश युद्धकैद्यांना इंग्रजांविरुद्ध उठवू लागला. १९१६ साली तो पकडला गेला. लंडनला त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तो १३५१ सालच्या, नॉर्मन फ्रेंच भाषेतल्या कायद्याखाली! 'राज्यात राजाच्या शत्रूंना सामील होणे, त्यांना राज्यात साहाय्य देणे, किंवा अन्यत्र' असा त्यातील शब्दक्रम. आता हे 'अन्यत्र' कोणाचे? साहाय्याचे, की सामील होण्याचेही? बचावाचे वकील म्हणाले, कृत्य जर्मनीत घडले. ते या कायद्यात बसत नाही. न्यायाधीशांनी मूळ चर्मपत्रावरच्या खुणा न्याहाळल्या, जुन्या कायदेपंडितांची मतेही तोलली आणि अपील फेटाळले. ३ ऑगस्ट १९१६ रोजी केसमेंटला फाशी झाली. 'स्वल्पविरामावर माणूस लटकला' असे लोक आजही म्हणतात.

फार दूरची गोष्ट वाटते? मग अमेरिकेतील मेन राज्याकडे पाहा. कोणत्या कामांना जादा वेळेचा वाढीव दर नाही, याची यादी तेथील कायद्यात होती. 'रवानगी किंवा वाटपासाठी बांधणी' हे एकच काम, की 'रवानगीसाठी बांधणी' आणि 'वाटप' ही दोन, हे दाखवणारा स्वल्पविराम तीत नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे गाडीचालक माल वाटत, बांधत नसत. २०१७ साली न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. २०१८ साली पन्नास लाख डॉलरांवर तडजोड झाली.

आपल्या मराठीत शब्दांची नाती बरीचशी प्रत्यय सांभाळतात. इंग्रजीत ते ओझे शब्दांच्या जागेवर आणि या चिमुकल्या चिन्हांवर पडते. तेथे थांबायचे ते अर्थ वळेल तेथे. दम लागेल तेथे नव्हे.

एवढे ऐकून तो मुलगा वही परत घेतो, आपले वाक्य पुन्हा वाचतो. आणि मी खोडायचा राहिलेला आणखी एक स्वल्पविराम आपल्याच हाताने खोडतो.