कानपूरचीं मोडकीं विमानें

युद्धांतील विमानांचे इतिहास वाचतांना वाचकाची दृष्टि सहसा आकाशाकडे लागलेली असते. परंतु कित्येक विमानांना सर्वांत मोठी इजा झाली ती जमिनीवर, आणि तीहि शत्रूच्या हातून नव्हे. याचें एक मासलेवाईक उदाहरण आपल्याच देशांत घडलें. तें आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

के. एन. ७५१ हें लिबरेटर जातीचें, चार इंजिनांचें अमेरिकन बाँबफेकें विमान. १९४५ सालीं तें ब्रिटिश विमानदलाच्या ९९ व्या तुकडीबरोबर हिंदी महासागरांतील कोकोस बेटांवर होतें. जपाननें शरणागति पत्करल्यावर त्याचें काम संपलें आणि तें कानपूरनजीक चकेरीच्या तळावर येऊन पडलें. तेथें त्याचीं भावंडें पुष्कळ होतीं. हीं विमानें अमेरिकेनें युद्धापुरतीं उसनीं दिलेलीं. ब्रिटनला तीं फुकट ठेवतां येईनात, आणि अमेरिकेला परत नको होतीं. तेव्हां तीं निकामी करण्याचा मार्ग पत्करला गेला. कुऱ्हाडीनें उपकरणें फोडण्यांत आलीं, इंजिनांत वाळू ओतली गेली, कांहींवर अवजड यंत्रें घालण्यांत आलीं. शत्रूच्या तोफांनीं जें साधलें नव्हतें, तें कराराच्या एका कलमानें साधलें!

१९४८ सालीं नवस्वतंत्र भारताजवळ एकहि अवजड बाँबफेकें विमान नव्हतें. तेव्हां बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीस या मोडक्या सांगाड्यांची आठवण झाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४० सालीं काढलेल्या या कारखान्यांत युद्धकाळीं अमेरिकन विमानांची दुरुस्ती चाले. त्यामुळें कारागिरांचे हात या कामाला सरावले होते. कानपुरास केवळ उडण्यापुरती डागडुजी करावयाची, आणि कंपनीचे वैमानिक जमशेद मुनशी यांनीं विमान सुमारें साडेनऊशें मैलांवरील बंगलोरास न्यावयाचें, असा क्रम ठरला. याप्रमाणें बेचाळीस विमानें पुन्हा उभीं राहिलीं. नोव्हेंबर १९४८ मध्यें भारतीय विमानदलाची पांचवी तुकडी त्यांवर उभारली गेली. १९५१ सालीं समुद्रावरील टेहळणीसाठीं सहावी तुकडी आपल्या पुण्यास सज्ज झाली. १९६८ अखेरपर्यंत हीं विमानें सेवेंत होतीं.

के. एन. ७५१ ला आतां एच. ई. ८०७ हा नवा क्रमांक मिळाला होता. १९७४ सालीं तें ब्रिटिश विमानदलाच्या संग्रहालयास भेट देण्यांत आलें, आणि तें स्वतःच्याच पंखांवर उडत इंग्लंडास पोंचलें. ज्यांनीं त्यास भंगार ठरविलें, त्यांच्याच घरीं तें मानानें परतलें.

इतिहासकार वैमानिकाचें नांव लिहून ठेवतो, आणि तें योग्यच आहे. परंतु वाळूनें भरलेलें इंजिन उकलून एकेक भाग धुणाऱ्या कारागिराचें नांव कोणत्या बखरींत सांपडतें? ‘भंगार’ हा शब्द धातूच्या अंगचा गुण सांगत नाहीं. तो ठरविणाराची गरज सांगतो. ज्याची गरज सरली त्यानें कुऱ्हाड उचलली, आणि ज्याची गरज उभी राहिली त्यानें पान्हा उचलला. राष्ट्राचें सामर्थ्य मोजतांना या दुसऱ्या हाताचा हिशेब सुटूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.