पैठणचा जंत आणि बदलापूरचं शेततळं

हा एपिसोड जेवताना ऐकत असाल तर आधी जेवून घ्या. आजचा विषय आहे माशांचे परजीवी. म्हणजे माशांच्या पोटातले जंत, अंगावरच्या उवा, आणि मासा त्यांच्याशी कसा लढतो हे माणसाला कधी नि कसं कळलं त्याचा इतिहास.

सुरुवात घरातून करतो. मी उल्हासनगरचा, कॅम्प चारचा. सातवीत असताना हट्ट करून काचेची टाकी आणली होती. एका पावसाळ्यात सगळ्या माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. दुकानदाराने निळं औषध दिलं, पाणी निळं झालं, माझी बोटं निळी झाली आणि अकरांपैकी चार मासे वाचले. महिन्याभराने नवे सहा आणले. परत ठिपके! पण फक्त नव्यांना. जुने चार मजेत फिरत होते. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यांना कांजिण्या येऊन गेल्यात ना, आता परत नाही यायच्या." मी हसलो होतो.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे बदलापूरहून मित्राच्या काकांचा आलेला फोन. त्यांनी दोन वर्षांपूर्वी शेततळ्यात रोहू-कटला सोडलाय. जाळं ओढलं तर रोहूच्या अंगावर चपट्या, काचेसारख्या टिकल्या चिकटलेल्या. नखाने ढकलल्या तर चालायला लागल्या. काकांचा प्रश्न साधा होता, "भाजीवर मारतो ते औषध टाकू का रे तळ्यात? तू इंजिनियर आहेस ना." मी कोड लिहितो, काका. पण म्हटलं थांबा, दोन दिवस द्या. त्या दोन दिवसांत जे वाचलं त्याचा हा एपिसोड झाला.

तर १९३४. पॅरिसजवळ व्हँसेन नावाचं ठिकाण. तिथल्या मत्स्यालयातल्या एका फायटर माशाच्या पोटात जंत सापडला. हो, तोच फायटर, जो आपल्याकडे दुकानात एकेकटा बरणीत ठेवलेला असतो. डॉल्फस नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने या पट्टकृमीसाठी नवी प्रजाती तयार केली आणि तिला नाव दिलं 'सेंगा'. मासा मूळचा आग्नेय आशियातला, जंताची नोंद मात्र फ्रान्समध्ये. शोभेच्या माशांच्या व्यापारात परजीवी असे फुकट प्रवास करतात.

आता ४६ वर्षं पुढे या. १९७६ मध्ये पैठणला जायकवाडी धरण पूर्ण झालं होतं, नाथसागर भरला होता. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात प्राणिशास्त्राची मंडळी गोदावरीतल्या माशांची पोटं उघडून बघत होती. वाम माशाच्या आतड्यात त्यांना हेच सेंगा सापडायला लागले. १९८० मध्ये शिंदे आणि जाधव यांनी एका जातीला नाव दिलं 'सेंगा गोदावरी'. त्याच वर्षी 'सेंगा औरंगाबादेन्सिस'. १९८१ मध्ये 'सेंगा पैठणेन्सिस'. मला हे वाचून भारी वाटलं. पैठण म्हटलं की आपल्याला एकनाथ महाराज आठवतात, पैठणी आठवते. आणि जगाच्या शास्त्रीय यादीत पैठणच्या नावाचा एक जंतसुद्धा आहे.

मग ही गाडी थांबलीच नाही. मागूर माशाच्या पोटात 'लायटोसेस्टस' नावाचा दुसरा पट्टकृमी असतो. त्याच्या जातींना नावं मिळत गेली: मराठवाडाएन्सिस, नळदुर्गेन्सिस, चाळीसगावेन्सिस. एसटीच्या बोर्डावर शोभतील अशी! आणि हे फक्त आपल्याकडे चाललं नव्हतं, देशभर तेच चालू होतं.

इथे गोष्ट वळते. २०११ मध्ये चेक आणि भारतीय संशोधकांनी मिळून मागूरमधल्या या गटातल्या सगळ्या नावांची तपासणी केली. एकूण नावं होती ५९. खऱ्या वेगळ्या जाती निघाल्या ८. ऑफिसात आम्ही बग-ट्रॅकर साफ करतो तेव्हा अगदी हेच होतं. वेगवेगळ्या लोकांनी नोंदवलेली ५९ तिकिटं, बहुतेक डुप्लिकेट, बंद करा. मग इतकी डुप्लिकेट नावं झाली कशी? मासा मरून बराच वेळ गेला की आतला जंत सडायला लागतो, आकसतो, त्याचा आकार बदलतो. तो नीट टिकवला नाही तर एकच जात चार वेळा चार प्रकारची दिसते. आणि मूळ नमुना जपून ठेवला नसेल तर पडताळायचं कशाशी?

सेंगाच्या नावांवरही असेच प्रश्न उभे राहिलेत. मला त्या लोकांना हसायचं नाहीये. बाजारातून मासा आणायचा, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बसायचं, हाताने आकृती काढायची. 'आपल्या नदीत काय आहे' हा प्रश्न कोणीतरी विचारला, हेच मोठं काम. माझी तक्रार वेगळी आहे. नवीन नाव दिलं की शोधनिबंध होतो, म्हणून नावं वाढत गेली. काकांसारख्या माणसाचा प्रश्न नावापाशी संपत नाही. त्याला कळायला हवं असतं की हा परजीवी माशाला काय करतो आणि मासा उलट काय करतो.

यातल्या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास माझ्या टाकीतल्या ठिपक्यांपासून सांगता येतो. त्या रोगाचा जीव एकपेशीय आहे. फुके नावाच्या फ्रेंच माणसाने १८७६ मध्ये त्याचं वर्णन केलं. मत्स्यालयवाले त्याला 'इक' म्हणतात. तो माशाच्या कातडीत शिरतो, तिथे खाऊन फुगतो, तोच पांढरा ठिपका. मग गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत फुटून शेकडो पिल्लं पाण्यात सोडतो. पिल्लांना दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना, कातडीतल्या ठिपक्याला नाही. म्हणजे माझं निळं पाणी बरंचसं वाया गेलं होतं.

माशाला अस्थिमज्जा नसते, आपल्या गळ्यात असतात तशा लसिका गाठीही नसतात. त्याच्या रक्तपेशी मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात तयार होतात. म्हणून कितीतरी काळ लोकांना वाटायचं, मासा तो काय लक्षात ठेवणार! पण १९४२ मध्ये डफ नावाच्या संशोधकाने ट्राउट माशांना मारलेले जिवाणू खाद्यातून खाऊ घातले, आणि ते मासे त्या रोगातून जास्त संख्येने वाचले. माशाची पहिली लस म्हणून याचंच नाव घेतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत कॅटफिशवर काम झालं आणि त्यात एक गमतीची गोष्ट दिसली. इक होऊन बरा झालेला मासा परजीवीला जागेवर मारतोच असं नाही. प्रतिपिंडं त्याच्या अंगावरच्या केसांना चिकटतात आणि तो घुसलेला प्राणी काही तासांत स्वतःच बाहेर पडतो. चक्क घर रिकामं करून घेतात!

२०१३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या सुन्यर यांच्या गटाने ट्राउटवर इक सोडूनच दाखवलं की माशाच्या कातडीवरच्या बुळबुळीत थरात आयजीटी नावाचं खास प्रतिपिंड काम करतं. आपल्या आतड्यात जे असतं तसंच, पण माशाच्या अख्ख्या अंगभर. मी तेव्हा अकरावीत होतो. आईला हे परवा सांगितलं. "मग मी काय म्हणत होते?" एवढंच बोलली.

इकवर बाजारात मिळणारी लस मात्र आजही नाही.

आता काकांच्या टिकल्या. त्या म्हणजे आर्गुलस, माशाची ऊ. खरं तर ही कोळंबी-खेकड्याची लांबची नातेवाईक. आपल्याकडच्या तळ्यांत बहुतेकदा जी सापडते तिला विल्सन यांनी १९२६ मध्ये सयामवरून 'सायमेन्सिस' नाव दिलं. तिला दोन चूषक असतात आणि एक सुईसारखी नांगी. त्या जखमेतून मग जिवाणू शिरतात. रोहूला तिचा त्रास जास्त होतो. भुवनेश्वरच्या मत्स्यसंशोधन संस्थेने निवड पद्धतीने वाढवलेला 'जयंती' रोहू १९९७ मध्ये आणला. तो लवकर वाढण्यासाठी निवडलेला होता. पुढे तिथेच जिवाणूंच्या रोगाला टिकणारे रोहूही निवडायला घेतले, आणि आर्गुलसला रोहूचं शरीर कसं उत्तर देतं यावरही काम झालं.

काकांना मी तीन गोष्टी सांगितल्या. भाजीवरची बरीच कीटकनाशकं माशाला उवेपेक्षा कमी घातक नसतात, शिवाय मासा जे बारीक जीव खातो तेही मरतात, आणि तुमच्या तळ्याचं पाणी ओढ्यातून उल्हास नदीलाच जातं. तेच पाणी खाली आम्ही पितो. दुसरं, मासे कमी करा. दाटीत ताण वाढतो आणि ताण वाढला की माशाची प्रतिकारशक्ती पडते. थंडीतही ती मंदावते, आणि बदलापूरची थंडी तुम्हाला माहितीये. तिसरं, मादी अंडी घालायला मासा सोडून कडक पृष्ठभाग शोधते. तळ्यात बांबू रोवा, दर आठवड्याला काढून उन्हात खडखडीत वाळवा, परत रोवा. आणि दोन मासे ठाण्याला मत्स्यव्यवसाय कार्यालयात नेऊन दाखवा. माझ्यावर विसंबू नका.

काका पहिल्यांदा नाराज झाले. बाटली ओतणं सोपं, बांबू काढणं कष्टाचं. पण त्यांनी सहा बांबू रोवले. दुसऱ्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर फोटो आला. ओल्या बांबूवर पिवळट अंड्यांच्या ओळी, कोणीतरी टाके घातल्यासारख्या. खाली लिहिलेलं, "याचं नाव काय म्हणालास?"

मी 'आर्गुलस सायमेन्सिस' टाइप केलं. मग दुसरा शब्द खोडला आणि नुसतं 'आर्गुलस' पाठवलं. फोटोवरून जात ठरत नाही.