शेताचे स्थानिक नाव

सातबारा, म्हणजे महाराष्ट्रातला जमिनीचा उतारा, हाती आला की मी आधी ‘शेताचे स्थानिक नाव’ हा रकाना पाहतो. बहुधा तो कोराच असतो.

इंग्रजी अमलापूर्वीच्या थळझाड्यांत जमीन थळाथळांनी मांडलेली असे. थळाला नाव ते मुळात कसणाऱ्या घराण्याचे. घराणे नाहीसे झाले, तरी त्याची ‘गतकुळी’ जमीन त्याच नावाने ओळखली जाई, कसणारा दुसराच. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी पुणे जिल्ह्यातल्या इंदापुरात नवी पाहणी मांडली. एका बैलजोडीला झेपेल एवढा तुकडा, हद्दीला दगड, तुकड्याला नंबर. कोणत्या तुकड्याला किती सारा, हे त्याने नेमके झाले, मी नाकारत नाही. पण थळाचे नाव नंबराखाली गेले, की ते घराणे त्या गावात नांदत होते याचा कित्येकदा तेवढाच पुरावा जातो.

१९४७ च्या कायद्याने एकत्रीकरण आले, नंबरांचेही गट झाले. गावात मात्र गट नंबर सांगून कोणी नांगरटीला जात नाही. जातो तो ‘चिंचेच्या पट्टीत’, मग चिंच तोडून कितीही वर्षे होवोत. तलाठ्याच्या दप्तरात ती पट्टी सापडत नाही.