टेक ऑफ : जपानी भाषांतर

साध्या क्रियापदास अव्यय जोडून इंग्रजीत जी असंख्य क्रियापदे सिद्ध होतात, त्यांपैकी एक अत्यंत प्रचलित व अनेकार्थी क्रियापद. अशा प्रयोगांनी परकीयांस पडणारी अडचण डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी आपल्या १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेत नमूद केली असून, तेथील दाखल्यांत ‘टेक ऑफ’ हेही आहे. त्याचा अर्थ मात्र ‘नक्कल करणे’ एवढाच दिला आहे. अशा संयुक्त क्रियापदांच्या वर्गास जपानी व्याकरणात ‘कुदोउशि’ म्हणतात.

 

वस्त्रे व अलंकार : भाषांतरकाराची खरी कसोटी येथे लागते. जपानीत सदरा अंगात घालण्यास ‘किरु’, विजार वा पादत्राण घालण्यास ‘हाकु’ आणि टोपी घालण्यास ‘काबुरु’ अशी भिन्न क्रियापदे असली, तरी ही सर्व उतरविण्यास ‘नुगु’ हे एकच क्रियापद पुरते. परंतु चष्मा, अंगठी, घड्याळ यांच्या बाबतीत ‘नुगु’ वर्ज्य असून तेथे ‘हाझुसु’ किंवा, सैलपणे, ‘तोरु’ योजावे लागते. मराठीत सदरा, जोडा, चष्मा व अंगठी ही सारी आपण ‘काढतो’, त्यामुळे मराठी अभ्यासकास ही तफावत प्रथमदर्शनी जाणवत नाही. मूळ इंग्रजी वाक्यात वस्तूचे नाव न घेता केवळ सर्वनाम आले असेल, तर मागील मजकूर धुंडाळून ती वस्तू कोणती हे ठरविल्याखेरीज जपानी क्रियापद निश्चित करता येत नाही, आणि उतावळेपणाने केलेले बहुतेक सदोष तर्जुमे याच ठिकाणी घसरतात.

उड्डाण : विमानास चिनी घटकांचे ‘रिरिकु सुरु’, पक्ष्यास ‘उडणे’ व ‘निघणे’ यांच्या संयोगाचे ‘तोबितात्सु’. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रोस्टो यांनी १९६० च्या ग्रंथात आर्थिक उड्डाणाची कल्पना मांडून जपानचा उड्डाणकाल १८७८ ते १९०० असा धरला. या कालनिश्चितीवर पुढे वाद झाले, परंतु ‘रिरिकु’ ही संज्ञा जपानी अर्थशास्त्रात रुजली. धंदा स्थिरपणे चालू लागल्यास मात्र जपानी लेखक विमानाचे रूपक सोडून ‘किदोउ नि नोरु’, म्हणजे रुळावर येणे, असे म्हणतो. मालाचा खप एकाएकी वाढू लागल्यास ‘उरेदासु’. रूपक राखावे की सोडावे, याविषयी भाषांतरकारांत मतैक्य नाही.

रजा : सामान्यतः ‘यासुमि ओ तोरु’, परंतु वरिष्ठांशी किंवा बाहेरच्या माणसाशी बोलताना कर्मचारी आपली रजा ‘घेत’ नाही, ती त्यास ‘मिळते’, आणि म्हणून तेथे ‘इतादाकु’ हे विनम्र क्रियापद येते. इंग्रजी क्रियापदात या अदबीची खूण नसल्याने, बोलणारा कोण व कोणाशी बोलतो हे संदर्भावरूनच ताडावे लागते.

किमतीतील सूट : ‘वारिबिकु’.

उसना शब्द : ‘तेइकुओफु’ हा विमानविद्या व अर्थशास्त्र यांत चालतो, वस्त्रे, रजा व सूट या अर्थांस तो लागू पडत नाही.