हिमनदीचे दप्तर

पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालात बांधलेले असतात आणि कोणता रुमाल मागवायचा हे निदान यादीवरून कळते. फ्रान्समध्ये शामोनी गावाच्या वर बोसाँ नावाची हिमनदी आहे. तिच्याही पोटात आपले कागद आहेत. त्यांची यादी नाही, मागणीपत्र भरायची सोय नाही. बर्फ वितळेल तसे ते बाहेर येतात. १९५० आणि १९६६ साली एअर इंडियाची दोन विमाने माँ ब्लाँच्या माथ्याजवळ आदळली. तेव्हापासून ही हिमनदी त्यांच्यातला माल थोडाथोडा परत करते आहे.

जुलै २०२० मध्ये तिथल्या एका कॅफेच्या मालकाला बर्फाच्या कडेला भारतीय वर्तमानपत्रांच्या डझनभर प्रती सापडल्या. कॅफे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि मालकाचे नाव तिमोते मोताँ. त्यांनी ती पाने वाळत घातली. त्यांत 'नॅशनल हेरल्ड' आणि 'इकॉनॉमिक टाइम्स' होते. अक्षरे वाचता येत होती, आणि मथळा होता इंदिरा गांधी देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान होणार असल्याचा.

मथळ्यावरून तारीख काढणे सोपे आहे. काँग्रेस संसदीय पक्षाने इंदिराबाईंची निवड १९ जानेवारी १९६६ रोजी केली. म्हणजे हा मथळा २० तारखेच्या सकाळचा. 'कांचनजंगा' हे बोईंग ७०७ पडले २४ जानेवारीला, सोमवारी, आणि शपथविधीही त्याच सोमवारी झाला. पाने १९६६ चीच, हे इथवर निश्चित.

पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो. विमानात प्रवाशांना वाचायला देतात ती वर्तमानपत्रे त्या दिवसाची असतात, फार तर आदल्या दिवसाची. चार दिवसांपूर्वीचा अंक, तोही एकाच मथळ्याच्या डझनभर प्रतींमध्ये, कोण घेऊन निघाले होते?

याचे उत्तर बहुधा आठ वर्षे आधीच हाती आले होते. ऑगस्ट २०१२ मध्ये दोन गिर्यारोहकांना याच हिमनदीवर तागाची एक थैली सापडली. तिच्यावर 'राजनैतिक टपाल' आणि 'परराष्ट्र मंत्रालय' अशी अक्षरे होती. आत जानेवारी १९६६ च्या मध्यातले 'द हिंदू' आणि 'स्टेट्समन' होते, एअर इंडियाची कॅलेंडरे होती आणि न्यूयॉर्कमधल्या भारतीय वाणिज्य दूतांच्या नावे एक खासगी पत्र होते. गुपिते अशा थैलीतून जात नसत. ही 'सी' प्रकारची, म्हणजे वर्तमानपत्रे आणि किरकोळ टपाल नेणारी साधी थैली.

आता दोन्ही शोध शेजारी ठेवून पाहावेत. 'द हिंदू' मद्रासचा, 'स्टेट्समन' कलकत्त्याचा, 'हेरल्ड' मूळचा लखनौचा, 'इकॉनॉमिक टाइम्स' मुंबईचा. चार शहरांची पत्रे एकत्र येतात ती एखाद्या कचेरीच्या टेबलावर. परदेशातल्या वकिलातींना देशात काय चालले आहे ते कळावे म्हणून दिल्लीत अंक गोळा होत, थैलीत भरले जात आणि पुढच्या विमानाने रवाना होत. या वाटेने चार दिवसांचा शिळेपणा सहज समजतो. २०२० ची पानेही अशाच सरकारी थैलीतली असावीत, हा माझा अंदाज. उलट बाजूही मांडायला हवी. विमान दिल्लीला थांबले होते. एखाद्या प्रवाशाने ऐतिहासिक दिवस म्हणून अंक जपून बरोबर घेतलाच नसेल, असे नाही. मात्र डझनभर प्रती जपणारा प्रवासी विरळा.

ही झाली दुसऱ्या विमानाची गोष्ट. पहिल्यासाठी १९४८ कडे जावे लागते. त्या वर्षीचा सगळ्यात छोटा पुरावा म्हणजे बारा आण्यांचे एक टपाल तिकीट. काळ्या-निळ्या रंगात चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन विमान, सोबत एअर इंडिया इंटरनॅशनलचे नाव आणि पहिल्या उड्डाणाची तारीख, ८ जून १९४८. भिंग घेऊन पाहताना एक गोष्ट विसरू नये. तिकीट विक्रीला आले २९ मे रोजी. म्हणजे ते उड्डाण झाल्याचा पुरावा नव्हे, उड्डाण करायचे ठरले होते याचा. छापील कागद पुष्कळदा घटनेच्या आधी निघतो आणि पुढे घटनेचा साक्षीदार म्हणून मिरवतो.

उड्डाण ठरल्या दिवशीच झाले, याला स्वतंत्र आधार आहेत. कंपनीची नोंदणी ८ मार्च १९४८ ची. भांडवलात सरकारचा वाटा ४९ टक्के. बरोबर तीन महिन्यांनी, मंगळवारी, कॅप्टन के. आर. गझदर यांनी मुंबईहून 'मलबार प्रिन्सेस' उचलले. प्रवासी ३५, त्यांत स्वतः जे. आर. डी. टाटा. कैरो, जिनिव्हा असे थांबत विमान १० जूनला लंडनला उतरले. आठवड्याला एक फेरी, एवढाच तेव्हा पसारा.

नावांकडेही पाहिले पाहिजे, कारण या कंपनीने आपली ओळख मोठ्या प्रमाणात विमानांच्या नावांवर उभी केली. कॉन्स्टेलेशन विमाने राजकन्या होती: मलबार, राजपूत, मुघल आणि मराठाही. पुढच्या सुपर कॉन्स्टेलेशन 'रानी' झाल्या, झाशीच्या राणीसह. १९६० साली जेट आली आणि नावे हिमालयाच्या शिखरांवर गेली: नंदादेवी, अन्नपूर्णा, गौरीशंकर, कांचनजंगा. १९७१ ची जंबो सम्राट झाली. राजकन्येपासून सम्राटापर्यंतची ही बढती आहे, आणि ती विमानाच्या आकाराबरोबर चालते. इतिहासकाराला याचा फायदा असा की नुसते नाव कळले तरी विमानाचा काळ आणि जात दोन्ही हाती येतात.

३ नोव्हेंबर १९५० रोजी 'मलबार प्रिन्सेस' त्याच ओळखीच्या वाटेवर होती: मुंबई, कैरो, जिनिव्हा, लंडन. ४० प्रवासी, ८ कर्मचारी. प्रवाशांत बहुसंख्य भारतीय खलाशी होते, इंग्लंडात जहाजावर रुजू व्हायला निघालेले. त्या काळी विमानप्रवास म्हणजे संस्थानिक आणि व्यापारी असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. प्रवासी-यादी वेगळेच सांगते. जहाजावर काम करायला जाणारी माणसे विमानाने जात होती.

वैमानिकाचा शेवटचा संदेश सकाळी १०.४३ चा: आपण व्हॉयरॉनच्या बरोबर वर आहोत, उंची ४,७०० मीटर. या एका ओळीवर थांबावे असे बरेच आहे. माँ ब्लाँची उंची ४,८०० मीटरांच्या थोडी वर. म्हणजे वैमानिक स्वतः सांगत असलेली उंचीच शिखरापेक्षा कमी होती. व्हॉयरॉन हे गाव ग्रेनोबलजवळ, शिखरापासून सरळ रेषेत शंभराहून अधिक किलोमीटर दूर. विमान खरोखर तिथे असते आणि थेट जिनिव्हाकडे गेले असते, तर हे शिखर वाटेत येतच नव्हते. ते बरेच पूर्वेला राहिले असते. मग एकतर विमान व्हॉयरॉनहून पूर्वेकडे भरकटले, नाहीतर ते व्हॉयरॉनवर नव्हतेच. नकाशा बघताना आणखी एक नाव नजरेत भरते. जिनिव्हाच्या पूर्वेला एक डोंगररांग आहे, तिचे नाव व्हॉयरॉन्स. ध्वनी जवळजवळ तोच. आकाशातून खरखरत आलेल्या शब्दांत एका अक्षराची गफलत झाली असेल का? शंका घेण्यापुरते हे ठीक. निष्कर्षाचे वजन तिला पेलणार नाही.

दोन दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, अवशेष दिसले, साधारण ४,६७० मीटरवर. कोणी वाचले नव्हते. शोधमोहिमेत रने पायो या शामोनीच्या वाटाड्यानेही जीव गमावला. आँरी त्रोया यांनी या घटनेवरून १९५२ साली कादंबरी लिहिली आणि १९५६ मध्ये तिच्यावर हॉलिवूडचा चित्रपट आला. त्यात एक भारतीय स्त्री जिवंत सापडते. हे पात्र कल्पित आहे, एवढे नोंदवून कादंबरी बाजूला ठेवू. १९७८ मध्ये हिमनदीने या विमानातली पत्रे आणि १९५० चे एक भारतीय वर्तमानपत्र बाहेर टाकले. अठ्ठावीस वर्षांचा प्रवास.

दोन अपघातांच्या मधल्या काळात वाटांचे जाळे किती पसरले, हे तारखाच सांगतात. नैरोबी पहिल्या अपघाताच्या आधीच, २१ जानेवारी १९५० पासून. १ ऑगस्ट १९५३ ला राष्ट्रीयीकरण. १९५५ मध्ये टोकियो, १९५८ मध्ये मॉस्को, १४ मे १९६० पासून न्यूयॉर्क. ८ जून १९६२ ला नावातला 'इंटरनॅशनल' गळाला आणि तीनच दिवसांनी कंपनीचा सगळा ताफा जेट झाला. बर्फातल्या वस्तूंना हे नेमके उपयोगी पडते. जुने लांब नाव असलेला कागद पहिल्या विमानाचा. नुसते 'एअर इंडिया' असेल तर तो दुसऱ्याचा असण्याचा संभव मोठा. इंजिन तर नावाशिवायही बोलते. २०१७ मध्ये सापडलेले जेट इंजिन 'मलबार प्रिन्सेस'चे असूच शकत नाही, कारण तिला पंखे फिरवणारी पिस्टन इंजिने होती.

'कांचनजंगा'च्या बाबतीत मात्र कागद भरपूर आहेत. मुंबई, दिल्ली, बैरूत असे करून ते जिनिव्हाकडे येत होते. १०६ प्रवासी, ११ कर्मचारी. फ्रेंच चौकशीचा अहवाल १९६७ चा. त्यानुसार दिशा दाखवणाऱ्या दोन व्हीओआर यंत्रांपैकी एक बंद होते आणि बैरूतहून निघतानाच कॅप्टनला ते ठाऊक होते. जिनिव्हाने त्यांना १९,००० फुटांवर राहायला सांगितले. ढगांच्या वर, नजरेने पाहत उतरता येत असेल तर मुभा. कॅप्टनने कळवले की आपण माँ ब्लाँच्या बाजूने पुढे जात आहोत. रडारवर नियंत्रकाला वेगळे दिसत होते. त्याने सांगितले: माँ ब्लाँला तुम्हाला पाच मैल आहेत. उत्तर आले, समजले.

काय समजले? नियंत्रकाला म्हणायचे होते की शिखर अजून यायचे आहे. कॅप्टनने बहुधा असे घेतले की शिखर बाजूला पाच मैलांवर आहे आणि ते ओलांडलेच म्हणायचे. आयोगाने दोष दिला तो शब्दरचनेच्या मोघमपणाला: नियंत्रकाने चूक ओळखली, दुरुस्तीही कळवली, पण ती दुरुस्तीसारखी ऐकू आली नाही. विमान उतरत राहिले. जेटच्या वेगाने पाच मैल म्हणजे जेमतेम मिनिट. ते आदळले १९५० च्या जागेजवळ, जवळपास त्याच उंचीवर.

या विमानात डॉ. होमी भाभा होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी ते व्हिएन्नाला निघाले होते. त्यामुळे घातपाताची चर्चा मराठी घरांतही अजून चालते. तिचा मुख्य आधार म्हणजे एका अमेरिकी हेराने दूरध्वनीवर दिलेली म्हणे कबुली, आणि ती छापून आली तो हेर वारल्यावर. ध्वनिमुद्रण नाही, समकालीन कागद नाही, दुसरा साक्षीदार नाही. दुसऱ्या पारड्यात संवादाची नोंद आणि एक नादुरुस्त यंत्र आहे. मला पारडे कुठे झुकते हे स्पष्ट दिसते. तरीही नवा कागद आला तर पुन्हा तोलायची तयारी असावी.

एका वस्तूबाबत मात्र मी अधिकृत मतापेक्षा एक पाऊल मागे उभा आहे. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू आणि नीलम भरलेली धातूची पेटी सापडली. त्याने ती प्रामाणिकपणे पोलिसांना दिली. मालक मिळाला नाही, आणि २०२१ मध्ये त्याची आणि शामोनी नगराची निम्मी-निम्मी वाटणी झाली, प्रत्येकी सुमारे दीड लाख युरोची. पेटी १९६६ ची मानली गेली. काही पुडक्यांवर 'मेड इन इंडिया' होते, पण ते दोन्ही विमानांना लागू पडते. ती अलीकडे वर आली म्हणून अलीकडच्या विमानातली, हाही तर्क पक्का नाही. हिमनदी मधोमध वेगाने आणि कडेला सावकाश वाहते, दोन्ही विमानांचे तुकडे दूरवर उधळले होते, आणि गेल्या काही दशकांत बर्फ मागे हटत असल्याने जुने-नवे एकदमच उघडे पडते. पेटी १९६६ ची असण्याची शक्यता अधिक, इतकेच मी लिहीन.

तागाच्या थैलीला असली कसली शंका नाही. ती सप्टेंबर २०१२ मध्ये पॅरिसच्या भारतीय वकिलातीच्या हाती गेली. न्यूयॉर्कच्या भिंतींसाठी मुंबईच्या कंपनीने पाठवलेली नव्या वर्षाची कॅलेंडरे तिच्यात होती. जानेवारीचे पान कुणी उलटले नव्हते.