अनंताची वंशकथा

ज्या फुलांना संस्कृत नांवें आहेत तीं सर्व आपल्याच भूमींत जन्मलीं असावींत, असा एक गोड समज आमच्या सुशिक्षित घरांतूनही आढळतो. अनंत हें त्यांपैकींच एक फूल. परसदारीं, विहिरीच्या पाटाजवळ, बारा महिने हिरव्या आणि चकचकीत पानांनीं भरलेलें हें पुरुषभर उंचीचें झुडूप उभें असतें. पावसाळा तोंडावर आला कीं त्याला दाट पाकळ्यांचीं पांढरीं फुलें येऊं लागतात, आणि एका फुलानें सारें माजघर दरवळून जातें. बंगाल्यांत व हिंदी मुलखांत त्यालाच गंधराज म्हणतात. नांव असें, वास असा; तेव्हां ह्याचें कुळशील विचारावें हें कोणाच्या मनांतही येत नाहीं. आम्हीं तें विचारून पाहिलें, आणि जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

अनंताचें माहेर चीन. दक्षिण चीनच्या डोंगरांत आणि जपानच्या दक्षिण भागांत तो आजही रानांत आपोआप वाढतो. पण तेथें त्याचा पहिला मान फुलाला नव्हता, फळाला होता. रानच्या अनंताचें फूल एकेरी, बहुधा सहा पाकळ्यांचें असतें, आणि त्यामागून उभ्या कंगोऱ्यांचें नारिंगी फळ धरतें. हें फळ वाळवून पाण्यांत उकळलें म्हणजे सुरेख पिवळा रंग उतरतो. केशराला ज्या क्रोसिन नांवाच्या द्रव्यामुळें रंग येतो तेंच द्रव्य ह्या फळांत आहे. रंगाच्या बाबतींत अनंत हा केशराचा गरीब भाऊच म्हणावयाचा. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास सीमा च्यान ह्या चिनी इतिहासकारानें धनिकांविषयीं लिहितांना, रंग देणाऱ्या वनस्पतींची हजार मू जमीन ज्याच्यापाशीं आहे तो हजार घरांच्या जहागीरदाराच्या तोडीचा, असा हिशेब मांडला आहे. आणि त्या वनस्पतींत अनंत येतो असें भाष्यकार सांगतात. जपानांत मुळ्याच्या लोणच्याला आणि नववर्षाच्या गोड पक्वान्नाला अजूनही ह्या फळाचा रंग देतात. तेथें झाडाचें नांव कुचिनाशी, म्हणजे बिनतोंडाचें. फळ पिकलें तरी उकलत नाहीं म्हणून हें नांव पडलें असें सांगतात.

आमच्या परसांतल्या अनंताला मात्र फळ कोणी क्वचितच पाहिलें असेल. त्याचें कारण त्याच्या सौंदर्यांतच आहे. केव्हां तरी एखाद्या चिनी माळ्याच्या नजरेस नेहमींपेक्षां अधिक पाकळ्यांचें फूल पडलें असलें पाहिजे. अशा फुलांत ज्यांनीं पराग द्यावयाचा ते पुंकेसरच पाकळ्यांचें रूप घेतात. फूल भरगच्च होतें, पण बीं धरण्याची त्याची शक्ति जवळजवळ नाहींशी होते. असें झाड आपल्या मागें संतति ठेवूं शकत नाहीं. त्याची फांदी तोडून कोणी तरी जमिनींत खोंवली तरच तें पुढें चालतें. त्या पहिल्या माळ्याचें नांव इतिहासानें ठेवलें नाहीं. ज्यांचीं ठेवलीं त्यांची कथा पुढीलप्रमाणें आहे.

अँबॉयना बेटावर राहणाऱ्या रुंफियस ह्या डच नोकरींतील जर्मन वनस्पतिज्ञानें सतराव्या शतकांतच ह्या झाडाचें वर्णन लिहून ठेवलें होतें. विशेष हें कीं, 1670 पासून हा मनुष्य आंधळा होता. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1741 पासून, छापून निघाला. त्यांत त्यानें झाडाचें मलायी नांवच घेतलें आहे. तें आज कचापिरिंग असें बोलतात, आणि त्यांतला 'कचा' म्हणजे आमचाच काच.

पुढें 1754 च्या सुमारास हचिन्सन नांवाच्या कप्तानाला हिंदुस्थानाहून परततांना केप ऑफ गुड होपजवळ हें झुडूप वासावरून सांपडलें. त्यानें तें उपटून इंग्लंडांत नेलें आणि वुडफर्ड येथील रिचर्ड वॉर्नर ह्या हौशी गृहस्थाच्या कांचगृहांत तें फुललें. सर्वांनीं त्याला जाईच्या जातींतलें ठरविलें, आणि केपांत मिळालें म्हणून तेथलेंच समजून 'केप जास्मिन' असें चुकीचें नांव दिलें. इंग्रजींत तें अजून चालतें. जॉन एलिस ह्या लंडनच्या व्यापाऱ्यानें मात्र तें निराळेंच कुळ असल्याचें ओळखलें आणि त्याला आपल्या मित्राचें, अलेक्झांडर गार्डनचें, नांव द्यावें असा लिनिअसपाशीं आग्रह धरला.

हा गार्डन जन्मानें स्कॉटिश, धंद्यानें वैद्य, राहणार अमेरिकेंतील चार्ल्सटनचा. त्याची योग्यता लहान नव्हती. दोनच पायांचा एक विलक्षण उभयचर प्राणी त्यानेंच लिनिअसकडे धाडला होता. त्याच्या नांवावर पूर्वीं न्यूयॉर्क प्रांतांतील जेन कोल्डेन ह्या विदुषीनें एका छोट्या वनस्पतीचें बारसें करूं पाहिलें होतें, पण तिला आधींच दुसरें नांव असल्यानें तें टिकलें नाहीं. लिनिअसलाही संकोच वाटला: मित्रांचीं नांवें झाडांना देतो असा लोकापवाद त्याच्यावर होताच, आणि ह्या झाडाशीं गार्डनचा कांहींच संबंध नव्हता. अखेर एलिसचा हट्ट चालला आणि 1761 त गार्डेनिया हें नांव छापून रूढ झालें. लिनिअसचा संकोच आम्हांस रास्त वाटतो. गार्डनला ह्या मानाचें फारसें सुख लाभलें नाहीं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत तो राजनिष्ठ राहिला, मुलगा बंडवाल्यांना मिळाला. मालमत्ता जप्त होऊन बाप लंडनला गेला व 1791 त वारला. मुलानें आपल्या मुलीचें नांव गार्डेनिया ठेवलें, तरी आजोबानें नातीचें तोंड पाहिलें नाहीं, असें सांगतात.

ह्या मंडळींत आमचा आदर जातो तो जेम्स गॉर्डन ह्या माइल एंडच्या रोपवाल्याकडे. वॉर्नरला ज्या फांद्या रुजवितां येईनात त्या त्यानें रुजविल्या, आणि रोपें विकून चांगला पैसाही केला. नांवें ठेवणारे पुष्कळ झाले. झाड जगलें तें ह्या माणसाच्या हातून.

खरा देशी गार्डेनिया आमच्याकडे नाहीं असें नाहीं. दख्खनच्या कोरड्या रानांत त्याचे भाऊबंद आहेत, आणि त्यांच्या कळ्यांवर जमणारा उग्र वासाचा पिवळट डिंक म्हणजेच आजीबाईच्या बटव्यांतील डिकेमाली. लेंकराला दांत येतांना वा जंत झाले असतां तिची आठवण होते, एरवीं नाहीं. घरचा भाऊ काष्ठौषधींच्या दुकानांत आणि परका परसांत! अर्थात् वेणींत डिकेमाली माळतां येत नाहीं, हेंही खरें.

कोंकणांतल्या व गोव्याच्या जांभ्या जमिनींत अनंताला माहेरच भेटतें, कारण त्याला आंबट माती लागते. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनींत लोह असूनही मुळांना तें घेतां येत नाहीं. पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. अशा वेळीं कुजलेल्या पानांचें खत आणि अगदीं सौम्य हिराकशीचें पाणी द्यावें. पाण्याचा खंड पडला कीं कळ्या न उमलतांच गळतात. पुण्यासारख्या शहरांत वाडे पडून उंच इमारती उभ्या राहिल्या, तेव्हां आड बुजले आणि त्यांच्या कांठचे अनंतही राडारोड्याखालीं गेले. त्यांचें बीं कोणापाशीं नव्हतें. पण पाडापाडीपूर्वीं लेकीच्या किंवा शेजारणीच्या हातीं एखादी फांदी गेली असली, तर तेंच झाड — त्याचें मूल नव्हे, तेंच — कोठें तरी सज्जांतल्या कुंडींत आज उभें असेल.

फांदी आषाढ-श्रावणांत घ्यावी. फार कोंवळी नको, फार जून नको, वीतभर असावी. खालचीं पानें काढून ती वाळूमिश्रित मातींत सावलींत लावावी आणि हलवून पाहूं नये. महिना-दीड महिन्यांत मुळें सुटतात; फूल येण्यास मात्र दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्याची वाट पाहावी लागते.